लायनिंग

भिलाईत ब्लास्ट फर्नेसला ‘धमन भट्ठी’ म्हणतात. बोलताना कुणी म्हणत नाही, बोलताना ती फर्नेसच. पण कारखान्यातल्या पाट्यांवर राजभाषेच्या नियमानं तसं लिहिलेलं असतं. बाबा 1969 साली भंडाऱ्याकडून आले, भट्टीवर लागले आणि 2007 साली तिथूनच निवृत्त झाले. मी सेक्टर 10 मध्ये वाढले, हिंदी माध्यमात शिकले. अकरावीला परिसंचरणाचा धडा आला तेव्हा वहीत पहिल्यांदा ‘धमनी’ लिहिलं, आणि बाबांचं खातं नि हृदयातून निघणारी नळी ही दोन्ही नावं एकाच धातूची आहेत हे कळायला त्यानंतर आणखी वीस वर्षं गेली. धातू म्हणजे इथे संस्कृत व्याकरणातला. ध्मा, त्याचंच रूप धम्. अर्थ फुंकणे, भात्यानं वारा घालणे.

भट्टीच्या बाबतीत ते खरंच आहे. हजार अंशांच्या वर तापवलेली हवा खालून, सभोवती बसवलेल्या तोट्यांमधून आत फुंकली जाते. तिच्याशिवाय कोक पेटत नाही आणि दगडातलं लोखंड सुटत नाही. पण रोहिणीत वारा कुठला? जुन्या लोकांना तसं वाटलं याचं कारण साधं आहे. माणूस मेल्यावर रोहिण्यांमधलं बहुतेक रक्त पुढे नीलांमध्ये सरकून जातं. प्रेत उघडलं की जाड भिंतींच्या या नळ्या रिकाम्या दिसतात. रिकामी नळी म्हणजे वाऱ्याची नळी. ग्रीकांनीही हीच चूक केली आणि त्यांच्या ‘आर्टेरी’ शब्दातही हवाच अडकून बसली. दुसऱ्या शतकात गेलननं जिवंत जनावराची रोहिणी बांधून, चिरून दाखवलं की आत रक्त आहे. तोवर नाव पडून गेलं होतं.

आई नागपूरला मराठी शाळेत शिकलेली. माझी वही बघून ती म्हणायची, ‘धमनी-शिरा काय गं, रोहिणी आणि नीला म्हण की. लाल ती रोहिणी, निळी ती नीला.’ मला रोहिणी म्हटलं की पावसाआधीचं नक्षत्र आठवायचं, कारण बाबांच्या गावाकडून येणाऱ्या पत्रांत ते असायचं. हे दोन्ही शब्द सुश्रुतसंहितेत आहेत, पण तिथे नीला पित्त वाहते आणि रक्त वाहते ती रोहिणी. आपल्या पाठ्यपुस्तकवाल्यांनी ते तिथूनच उचलले असावेत आणि नवं काम त्यांच्यावर सोपवलं. काम तसं बरं चाललंय, फक्त फुप्फुसापाशी फसगत होते. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते ती रोहिणी, पण तिच्यातलं रक्त काळसर. परत येते ती नीला, आणि तिच्यातलं लालभडक. दर वर्षी या प्रश्नावर अर्धी बॅच चुकते. आणि नीलाही काही खरी निळी नसते. तिच्यात गडद लाल रक्त असतं, निळेपणा कातडीतून परत येणाऱ्या उजेडाचा.

बॅच म्हणाले, कारण मी याच घराच्या पुढच्या खोलीत बायॉलॉजीच्या शिकवण्या घेते. बाबांनी हे क्वार्टर लीजवर घेतलं होतं. संध्याकाळी आमच्या स्ट्रीटवर फाटकाबाहेर सायकली आणि स्कूट्या लागतात, आत फळ्यावर मी हृदय काढते. चार कप्पे, चार झडपा, लाल खडू, निळा खडू. एका ठोक्याला 70 मिलिलीटर, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे पाच लिटर. अंगातलं सगळं रक्त साधारण तेवढंच, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचं सगळं रक्त मिनिटाभरात एकदा हृदयातून जाऊन येतं. हा गुणाकार मुलं झरझर करतात. हाच गुणाकार विल्यम हार्वेनं केला आणि 1628 साली छापला, तेव्हा वैद्यकातली चौदाशे वर्षांची समजूत कोसळली. तोवर सगळे मानत होते की रक्त यकृतात तयार होतं, अंगभर जातं आणि तिथेच जिरतं, शेताला दिलेल्या पाण्यासारखं. हार्वेनं ठोक्यामागचं रक्त मुद्दाम कमी धरलं, तरी अर्ध्या तासाचा हिशेब अंगातल्या सगळ्या रक्ताच्या पलीकडे गेला. एवढं रक्त माणूस कुठल्या जेवणातून बनवणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. रोहिणीतून नीलेत ते कुठून उतरतं ते मात्र त्याला दिसलं नाही. त्या केसाहून बारीक वाहिन्या 1661 साली माल्पिगीनं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तोवर हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती. न दिसलेल्या दुव्यावर आकड्यांच्या बळावर विश्वास ठेवायचा, ही गोष्ट मला त्या सगळ्या धड्यात सगळ्यात आवडते. मुलांना ती परीक्षेत येत नाही म्हणून नको असते.

मुलांना आवडायचा तो हार्वेचा दुसरा प्रयोग, आणि त्यासाठी मला बाबा लागायचे. त्यांच्या हातावरच्या शिरा सुतळीसारख्या उठून दिसत, अधूनमधून ठिणग्यांचे पांढरे डाग. मी आत हाक मारायची, ‘बाबा, जरा हात द्या.’ ते बनियनवर शर्ट चढवून बाहेर येत, टेबलावर हात पसरून बसत आणि वरच्या बाजूला मी पट्टी आवळायची. शिरा फुगत, आणि त्यांच्यावर जागोजागी बारीक गाठी दिसत. त्या झडपा. मग एका बोटानं शीर दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटानं तिच्यातलं रक्त वर, पुढच्या गाठीपलीकडे सारायचं. मधला तुकडा रिकामा होतो आणि रिकामाच राहतो. वरून रक्त परत येत नाही, झडप येऊ देत नाही. खालचं बोट उचललं की क्षणात भरतो. ‘दादाजी, दर्द तो नहीं होता?’ एखादी मुलगी विचारायची. बाबा म्हणायचे, ‘नॉन रिटर्न वॉल्व्ह है बेटा, दर्द काहे का.’

2018 च्या फेब्रुवारीत कारखान्याची आठव्या नंबरची भट्टी सुरू झाली. नाव महामाया, पोट 4,060 घनमीटरचं. बाबांनी पेपरातलं कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पहिली भट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुरू केली, तेव्हा बाबा शाळेत होते. तरी त्या तारखेला ते दर वर्षी आम्हाला आठवण करून देत, घरातल्या कुणाचा वाढदिवस असावा तशी.

त्याच वर्षीच्या पोळ्याला आईनं पुरणाचा स्वयंपाक केला. छत्तीसगडी शेजाऱ्यांचा त्या दिवशी पोरा, त्यांच्याकडून ठेठरी आणि खुरमी आली. बाबांनी सगळंच खाल्लं. रात्री आठाच्या सुमाराला ते पलंगाच्या कडेला बसून छातीच्या खाली, बेंबीच्या वर हात चोळायला लागले. ‘गॅस झालाय,’ म्हणाले. आईनं ओवा आणि काळं मीठ दिलं. नंतर मी अॅसिडिटीचं गुलाबी औषध दिलं, दोन झाकणं. त्यांना एकदा उलटी झाली, आणि मग बरं वाटलं असं म्हणाले. घाम येत होता. सप्टेंबरातला उकाडा, त्यात अर्धा तास वीज गेलेली, सगळ्यांनाच घाम येत होता.

मी नाडी पाहिली. हे मला सांगायला हवं. मी अर्धा मिनिट मोजलं, 26 ठोके आले, म्हणजे 52. बाबांची नाडी एरवी सत्तरच्या वर असायची. मी आईला म्हणाले, ‘नाडी तर एकदम शांत आहे. हार्टचं असतं तर धावली असती.’ आणि दुसऱ्या दिवशीच्या बॅचसाठी प्रश्नपत्रिका काढायला बसले.

हृदयातून इतकं रक्त जातं, पण हृदयाच्या भिंतींना त्याचा उपयोग नसतो. कप्प्यातलं रक्त आतल्या अगदी पातळ थराला काय पोचेल तेवढंच. बाकीचा स्नायू जगतो तो महारोहिणीच्या अगदी उगमाशी फुटणाऱ्या दोन बारीक फांद्यांवर. बँकेत दिवसभर नोटा मोजणाऱ्या कॅशियरलाही पगार महिन्याच्या एक तारखेलाच, तसं. त्या दोनपैकी उजवी फांदी बहुतेक माणसांत हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त देते, जी पडद्यावर, म्हणजे पोटाच्या वरच टेकलेली असते. म्हणून ती बंद पडली की पुष्कळदा छातीत कळ येण्याऐवजी पोटात जळजळतं, मळमळतं, उलटी होते. आणि हीच फांदी बहुतेकांत ठोक्याच्या गाठींनाही रक्त पुरवते. उजव्या अलिंदात ठोका जिथे सुरू होतो ती गाठ, आणि तो खाली सोपवणारी दुसरी. त्यांना रक्त मिळालं नाही की नाडी मंदावते. शांत नव्हे, मंद. हे मला माहीत होतं का? गाठींची नावं माहीत होती, त्या कुठे असतात ते फळ्यावर दर वर्षी दाखवत होते, त्यांच्यावर प्रश्न काढत होते. त्या रात्री जी प्रश्नपत्रिका काढत होते तिच्यात चौथा प्रश्न त्यांच्यावरच होता.

बाराच्या पुढे बाबा बाथरूमला जायला उठले आणि दाराची चौकट धरून तिथेच थांबले. पडले नाहीत, नुसते थांबले. ओठ राखेच्या रंगाचे. शेजारच्या मुलानं गाडी काढली. सेक्टर 9 चं मोठं हॉस्पिटल आमच्या शेजारच्याच सेक्टरात आहे. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यानं पाच-सात मिनिटं लागली असतील.

ईसीजीची पट्टी निघाली. लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये रेघ वर चढलेली. मी फळ्यावर काढते ती रेघ नेहमी सपाटीवर परत येते. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं विचारलं, ‘कब से है?’

मी म्हणाले, ‘साढ़े नौ, पौने दस से।’

का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. आधी ठरवलं नव्हतं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन जितकं लवकर तितकं चांगलं, पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सगळ्यात जास्त, नंतर स्नायू मरत जातो तसतसा कमी. हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचं आत्ता आठवलं होतं. स्ट्रेचरवरून बाबा डोळे न उघडता म्हणाले, ‘आठ बजके दस मिनट।’

डॉक्टरनं तेच लिहून घेतलं.

तीन दिवसांनी रायपूरला अँजिओग्राफी झाली, उजव्या फांदीत स्टेंट बसला. बाबा जागे होते. मनगटातून नळी आत सरकताना त्यांनी सगळं पडद्यावर पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी ती सीडी लॅपटॉपवर लावायला सांगितली. काळ्या झाडासारख्या फांद्या ठोक्यागणिक हलत होत्या आणि एक फांदी मधूनच तुटल्यासारखी थांबत होती. दोनदा पाहून झाल्यावर बाबांनी विचारलं ते मला कुठल्याच विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं.

‘लोखंड थंड झालं की जमतं. रनरमध्ये जमलं की फोडून काढा लागते. पण रक्त तर गरमच होतं ना? मग ते काहून जमलं?’

मी आधी कोलेस्टेरॉलचं सांगितलं, नळी आतून हळूहळू बुजत जाते वगैरे. ते त्यांना पटलं नाही. ‘हळूहळू बुजली असती तर प्रेशर हळूहळू पडलं असतं. दुपारपर्यंत मी ठीक होतो.’ आणि त्यांचं बरोबर होतं. पुस्तकातलं नळ गंजल्याचं चित्र अर्धवट आहे. पुष्कळ झटके अशा जागी येतात जिथे नळी फार बुजलेलीही नसते. रोहिणीला आतून पेशींचं एक सलग अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं. रक्त पातळ राहतं ते निव्वळ ऊब असते म्हणून नाही, त्या अस्तरामुळे. ते अस्तर सतत अशी द्रव्यं सोडत असतं की रक्त त्याला चिकटू नये. चरबीची पुटकुळी त्या अस्तराखाली वर्षानुवर्षं साठत राहते आणि काही कळत नाही. मग एखाद्या दिवशी तिचं टोपण फाटतं. रक्ताला अस्तराच्या आतलं जे कधी दिसू नये ते दिसतं. रक्ताला वाटतं जखम झाली, आणि जखमेवर ते जे करतं तेच इथेही करतं. काही मिनिटांत गुठळी.

बाबांनी लॅपटॉपवरून मान वर केली. ‘म्हणजे लायनिंग गेली.’

भट्टीच्या पोलादी कवचाला आतून विटांचं अस्तर असतं. दीड हजार अंशांचं लोखंड त्या विटांशी असतं, कवचाशी नाही. भट्टी एकदा पेटली की दिवसरात्र, दिवाळीलाही, वर्षानुवर्षं चालते. विटा आतून झिजत जातात आणि बाहेरून कळतं ते कवचाच्या आणि पाण्याच्या तापमानावरून, अंदाजानं. फार झिजली की भट्टी विझवून अस्तर नवं करायचं. त्याला इथे कॅपिटल रिपेअर म्हणतात. बाबा दोन कॅपिटल रिपेअरांत होते आणि त्या दिवसांबद्दल ते लग्नघरातल्या दिवसांसारखं बोलत. ‘मग माझं कॅपिटल रिपेअर काहून नाही केलं?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं की तुमची भट्टी विझवता येत नाही, म्हणून एका ठिकाणी तारेची जाळी लावून भागवलं. ते बराच वेळ हसले. आईला त्या हसण्याचा राग आला.

गॅस हा शब्द मात्र त्यानंतर आमच्या घरात कुणी सहज उच्चारला नाही. कारखान्यातला गॅस म्हणजे भट्टीच्या माथ्यावरून निघणारा. त्याला धुऊन, गाळून खाली आणतात आणि काही भाग ज्या स्टोव्हमध्ये भट्टीची हवा तापते तिथे जाळतात, म्हणजे भट्टीचा उच्छ्वास तिच्याच पुढच्या श्वासाला ऊब देतो. त्यात पाचवा-चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साईड. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोखंडाचे चार अणू असतात, प्रत्येकावर प्राणवायूला एक जागा. मोनॉक्साईड त्याच जागा पकडतो, आणि प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट पकडतो. हृदय ठीक, नळ्या ठीक, रक्त पुरेसं, फिरतंयही. फक्त त्यावर माल नाही. 12 जून 2014 ला इथल्या पाण्याच्या एका पंपहाउसात भट्टीचा गॅस शिरला तेव्हा सहा जण गेले. बाबा निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. त्या रात्री ते फाटकाशी उभे राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं विचारत. त्यांच्या नोकरीत ‘गॅस लग गया’ हे तीन शब्द ऐकले की माणसं धावत सुटायची. मग घरी पलंगावर बसून त्यांनी तोच शब्द ओव्यासाठी कसा काय वापरला, आणि मी तो तसाच कसा घेतला?

माणसाच्या सगळ्या अंगात मिळून लोखंड तीन-चार ग्रॅम. दल्ली-राजहराच्या डोंगरातून मालगाड्या भरभरून दगड भिलाईला येतो त्या गावात ही संख्या सांगितली की मुलं हसतात.

बाबा त्यानंतर तीन वर्षं चार महिने जगले. इकोत हृदयाचा जोर 35 टक्के निघाला. चांगल्या हृदयाचा साठच्या आसपास असतो. कप्पा 120 मिलिलीटर भरला तर सत्तरएक बाहेर पडायला हवं, बाबांचं बेचाळीस पडत होतं. मेलेला स्नायू परत येत नाही, तिथे डाग राहतो. त्या इकोत दुसरा एक जुना डागही दिसला, केव्हाचा तो कुणालाच सांगता आला नाही. नातेवाईक म्हणाले, बघ, म्हणजे आधीच होऊन गेलं होतं, तुझ्यामुळे नाही. मी तो जुना डाग स्वतःच्या बचावाला वापरायचा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.

पुढे कमी जातं तेव्हा मागे साचतं. शिकवताना आम्ही नेहमी रोहिण्यांचं कौतुक करतो, त्यांच्यात दाब असतो, उसळी असते. पण अंगातलं सुमारे दोन तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी नीलांमध्ये असतं. पायातून ते वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू पिळतात आणि त्या झडपा अडवून धरतात. वर हृदयाशीच गर्दी असली की हे सगळं तुंबतं, केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि घोट्याभोवती साठतं. बाबा रोज सकाळी नडगीवर अंगठा दाबून धरत आणि खळगा भरायला किती वेळ लागतो ते मोजत. रात्री आडवं झालं की पायातलं पाणी परत रक्तात येतं, फुप्फुसात चढतं, दम लागतो. म्हणून उशांवर उशा.

त्यांनी एक लॉगबुक सुरू केलं होतं. कारखान्यातलं जुनं कोरं रजिस्टर, लाल पुठ्ठ्याचं. रकाने पट्टीनं आखलेले: तारीख, वजन, नाडी, पाणी, खळगा, उशा. वजन दोन दिवसांत दीड-दोन किलोनं वाढलं की लघवीची गोळी वाढवायची असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते त्यांनी पहिल्या पानावर चौकटीत लिहिलं होतं. आई म्हणायची, ‘नोकरीत असताना एवढं लिहिलं नसेल.’ ते म्हणायचे, ‘तेव्हा लिहायला माणूस होता.’ मी तो चाळत असे ते फक्त शेवटचं पान. घरी भेटायला कुणी आलं की बाबा एकच वाक्य सांगत, ‘पोरीनं वेळेवर नेलं म्हणून वाचलो.’ मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जायची. तीन वर्षांत त्या वाक्याला मी एकदाही हरकत घेतली नाही. स्ट्रेचरवरचं त्यांचं वाक्यही आम्ही दोघांनी कधी काढलं नाही. ते त्यांना आठवत नसेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

2022 च्या जानेवारीत ते गेले. उशांच्या रकान्यात शेवटचा आकडा 4.

दिवस झाल्यावर कपाट आवरताना रजिस्टर हाती आलं आणि मी ते पहिल्यांदा सुरुवातीपासून वाचलं. चौकटीच्या पानाच्या मागे, आतल्या बाजूला, एक वेगळी नोंद होती. कारखान्यात यंत्र बंद पडलं की शिफ्टच्या शेवटी डिले लिहावा लागतो. किती वेळ, कशामुळे. बाबांनी तसाच लिहिला होता. तारीख पोळ्याची. दुखणे सुरू 8.10. दवाखाना 12.40. डिले 4 तास 30 मिनिटे. आणि कारणाच्या पुढे दोन शब्द: गॅस समजलो.

मी ते क्रियापद बराच वेळ बघत बसले. हिंदीत कदाचित ‘गैस समझा गया’ असं काहीतरी लिहिता आलं असतं, ज्यात कुणीच नसतं. कारखान्याचे सगळे रिपोर्ट बाबा हिंदीतच लिहीत. हा एवढा मराठीत. समजलो. समजली नव्हे, समजले नव्हे, समजलो. ‘डिले कुणावर पडला’ यावरून त्यांच्या खात्यात भांडणं व्हायची, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. जेवताना ते सांगायचे, आज डिले मेकॅनिकलवर टाकला, आज इलेक्ट्रिकलनं आमच्यावर टाकला. अडतीस वर्षांत आपणहून अंगावर घेतल्याचं कधी सांगितलेलं मला आठवत नाही.

आईला मी ते पान दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, म्हणाली, ‘अक्षर बघ कसं, अजून तिरकं नाही झालं,’ आणि रजिस्टर देवघराच्या खालच्या खणात ठेवलं.

शिकवण्या चालू आहेत. धड्याचं नाव तेच, ‘शरीर द्रव तथा परिसंचरण’. एक बदल मी केलाय. गाठी शिकवताना आता नाडी मंद होणं म्हणजे काय, आणि पोटात जळजळणं म्हणजे कधी कधी काय, हे सांगायला वीस मिनिटं घेते. एक मुलगा मागून म्हणाला, ‘मैम, ये सिलेबस में नहीं है।’ मी म्हणाले, ‘मालूम है,’ आणि त्याला त्याच्या घरी साठीच्या वर कोण कोण आहे ते विचारलं. त्यानं दोन नावं सांगितली. मी ती दोन्ही नावं त्याला वहीत लिहायला लावली, खाली हॉस्पिटलचा फोन नंबर.

झडपांच्या दिवशी पहिल्या वर्षी मी तो प्रयोग गाळला. दुसऱ्या वर्षी एका मुलीनं आपल्या मोठ्या बहिणीकडून ऐकलं होतं, तिनं विचारलं, ‘मैम, वो हाथ वाला नहीं करेंगे?’ मी बाही वर सारून टेबलावर हात ठेवला. पट्टी तिलाच बांधायला सांगितली. माझ्या शिरा बारीक, चटकन दिसत नाहीत. मूठ पाच-सहा वेळा उघडझाप केल्यावर मनगटाच्या वर एक दिसायला लागली. गाठ सापडायला आणखी वेळ लागला. मुलीनं एक बोट दाबून धरलं, दुसऱ्यानं रक्त वर सारलं, आणि सगळे वाकून बघायला लागले. मधला बोटभर तुकडा रिकामा, सपाट राहिला होता.

‘अब छोड़ो,’ मी म्हणाले. ‘नीचे वाली उँगली।’